वरकस एक, जमिनी दोन: मुरबाड तालुक्यातल्या एका उताराचा मृदा-अभ्यास

ठाणे जिल्ह्याच्या मुरबाड तालुक्यात, काळू नदीच्या खोऱ्यातल्या एका गावात काही कुटुंबांनी सरकारी फळबाग योजनेतून आपल्या वरकस जमिनीवर आंब्याची कलमं लावली. कलमं एकाच रोपवाटिकेतली, लागवड एकाच आठवड्यातली, शेणखत सारखं आणि कुंपणही सगळ्यांचं मिळून एकच. तिसऱ्या वर्षी पाहिलं तर उताराच्या वरच्या अंगाची बहुतेक कलमं कमरेएवढी होऊन पालवी धरत होती आणि खालच्या अंगाची निम्म्याहून जास्त वाळून गेली होती. पाहणी करणाऱ्यांनी कागदावर कारण लिहिलं: पाणी देण्यात हयगय.

जागेवर उभं राहिलं की हे कारण टिकत नाही. विहीर खालच्या अंगाला आहे. मेलेली कलमं विहिरीच्या जवळची, जगलेली लांबची. ज्या काकींचं सगळ्यात जास्त नुकसान झालं, त्यांनीच सगळ्यात नियमाने पाणी घातलं होतं, हे शेजारची माणसंही सांगतात. त्यांच्या नावापुढे ‘हयगय’ हा शब्द बसला आणि अनुदानाच्या पुढच्या हप्त्याचा प्रश्न त्याच शब्दावर अडकला. त्यांच्या मुलाने मला बोलावलं ते एवढ्यासाठीच. तो कल्याणला नोकरी करतो. पिकाबद्दल त्याला फार विचारायचं नव्हतं, ‘माती बघून सांगा, आईचं काय चुकलं’ इतकंच त्याचं म्हणणं होतं.

कागदावर ही सगळी जमीन एकच आहे. सातबाऱ्यावर वरच्या आणि खालच्या दोन्ही गटांपुढे ‘वरकस’. उत्तर कोकणात वरकस म्हणजे खाचरांच्या वरची, बांध नसलेली, पावसाच्या भरवशावरची जमीन. तिथे एक-दोन वर्षं नाचणी-वरई घ्यायची, मग ती विसाव्याला सोडायची, आणि मधल्या काळात तिथलं गवत व झाडांचा टाहाळ भाताच्या रोपासाठी राब भाजायला वापरायचा, अशी पिढ्यांची वहिवाट. महसुलाच्या दृष्टीने हा वर्ग पुरेसा होता. कलम लावताना मात्र एक प्रश्न पुढे येतो, ज्याचं उत्तर ‘वरकस’ या नोंदीत नाही: खाली किती खोल माती आहे आणि त्या मातीखाली काय आहे?

दुसरा कागद मृदा आरोग्य पत्रिकेचा. २०१५ साली सुरू झालेल्या या योजनेत नत्र, स्फुरद, पालाश, गंधक, जस्त, लोह, तांबं, मँगनीज, बोरॉन, सामू (pH, म्हणजे माती किती आम्ल किंवा विम्ल आहे), विद्युत वाहकता आणि सेंद्रिय कर्ब अशा १२ बाबी तपासतात. खताची मात्रा ठरवायला पत्रिका उपयोगी आहे, तिच्यामुळे युरियाचा अंदाधुंद वापर थांबवलेले शेतकरी मी पाहिले आहेत. पण तिची रचना लक्षात घ्यायला हवी. जिरायत भागात १० हेक्टरला एक नमुना, बागायतीत अडीच हेक्टरला एक. नमुना घ्यायचा तो वरच्या १५ ते २० सेंटीमीटरचा. १० हेक्टर म्हणजे जवळजवळ २५ एकर. घाटमाथ्यापलीकडच्या सपाट रानात २५ एकरांत जमीन कदाचित फारशी बदलणार नाही. इथे २५ एकरांत डोंगराचा उतार, कातळाचा टप्पा, भाताची खाचरं आणि ओहोळ असं सगळं येऊन जातं. या गावच्या पत्रिकेवर सामू ६.६ होता. मी नंतर जागोजाग तपासला तेव्हा वरच्या उतारावर तो ६.१ च्या आसपास निघाला आणि तळाच्या काळ्या जमिनीत ७.५. म्हणजे ६.६ सामूची माती त्या शिवारात मला कुठेच सापडली नाही. तो आकडा पिशवीत एकत्र केलेल्या मातीचा होता.

भात कापून झाल्यावर, जमीन अजून खणण्याजोगी असताना, आम्ही डोंगरापासून ओहोळापर्यंत एक सरळ रेघ धरली आणि तिच्यावर खड्डे घेतले. खड्डा कुठे घ्यायचा ते अंतर मोजून ठरवलं नाही. उतार जिथे मोडतो, गवत जिथे बदलतं, ढेकळाचा रंग जिथे वेगळा दिसतो, तिथे घेतला. प्रत्येक खड्ड्याची एक भिंत सावलीत न येईल अशी उभी तासायची, चाकूच्या टोकाने थर सुटे करायचे, ओल्या मातीचा रंग मुन्सेलच्या रंगपत्रिकेशी लावायचा, बोटांत माती मळून तिची पट्टी किती लांब निघते ते पाहायचं, सौम्य हायड्रोक्लोरिक आम्लाचा थेंब टाकून फेस येतो का बघायचं. ही सगळी कामं कुणालाही शिकता येतात. काकी दुसऱ्याच खड्ड्यापासून मळलेल्या मातीचा पोत माझ्याआधी सांगू लागल्या.

वरच्या अंगाचा खड्डा, जिथली कलमं जगली. पहिले १८ सेंटीमीटर गर्द तांबूस-तपकिरी, भुसभुशीत, गवताच्या मुळांनी भरलेला थर. त्याखाली साधारण ४५ सेंटीमीटरपर्यंत जरा जास्त चिकण, छोट्या टोकदार ढेकळांचा, लालसर थर. त्याखाली मुरूम. मुरूम म्हणजे कुजलेला बेसाल्ट. मूळ दगडाची ठेवण डोळ्यांना दिसते, पण टिकाव मारला की तो भसकन आत जातो. या मुरमात वाटाण्याएवढे पांढरे स्फटिक विखुरलेले होते. आम्ल टाकल्यावर त्यांतले काही फसफसले, बरेचसे नाही. फसफसणारे कॅल्साइट, बाकीचे बहुधा झिओलाइट. पश्चिम महाराष्ट्रातल्या बेसाल्टमधली झिओलाइटं प्रसिद्ध आहेत, आणि आपल्याकडच्या मृदाशास्त्रज्ञांनी दाखवलेली एक गोष्ट मला इथे फार महत्त्वाची वाटते: ही खनिजं सावकाश झिजत कॅल्शियमसारखे घटक मातीला पुरवत राहतात, म्हणून सह्याद्रीच्या धो-धो पावसातही काही जमिनी पार धुऊन निघत नाहीत. या खड्ड्यात आम्हाला मीटरभर खोलीवर, मुरमाच्या भेगेत, कलमाचं बोरूएवढं जाड जिवंत मूळ सापडलं. त्या एका मुळाने अर्धा निकाल दिला.

खालच्या अंगाचा खड्डा, विहिरीजवळचा. वरून पाहिलं तर ही जागा जास्त चांगली वाटते. उतार कमी, गवत दाट, माती तशीच तांबूस. लागवडीच्या वेळी सगळ्यांना हीच जागा हवी होती. वरचा थर २२ सेंटीमीटर, त्यात सुमारे ४० टक्के दगडगोटे, आणि मग पहार खण्णकन वाजली. दोन हात बाजूला मारली, तिथेही तोच आवाज. हा घट्ट, न कुजलेला कातळ. त्यात भेगा होत्या, पण हात-दीड हात अंतरावर एक.

माणसाला सवयीने वाटतं की डोंगरावर माती पातळ आणि खाली येऊ तशी जाड. इथे उलटं का? सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वीच्या लाव्ह्याचे थर एकावर एक पसरले, आणि ते सगळे सारखे नाहीत. ज्या लाव्ह्यात वायूचे बुडबुडे राहिले तो थर पोकळ्यांमुळे लवकर कुजतो, त्याचा खोल मुरूम होतो. जो घट्ट गोठला तो तसाच कातळ राहतो आणि डोंगराच्या कुशीत सपाट टप्पा तयार करतो. काकींची कलमं नेमकी अशा टप्प्यावर होती. दोन्ही थरांची सीमा जवळजवळ आडवी, समपातळीत जाते, आणि गटांच्या हद्दी उभ्या-तिरप्या. त्यामुळे कुणाचा गट पूर्ण मुरमावर, कुणाचा पूर्ण कातळावर, कुणाचा अर्धा-अर्धा.

आता कलमं मेली कशी, ते पाहू. योजनेच्या मापाने खड्डा एक मीटर लांब, रुंद, खोल हवा. कातळावर यंत्र लावून सुमारे ४५ सेंटीमीटर फोडलं आणि तो माती-शेणखताने भरला. जुलैत या भागात पाऊस थांबत नाही. मुरमातल्या खड्ड्याचं पाणी खाली झिरपून जातं. कातळात फोडलेल्या खड्ड्याला बूड असतं, तिथे पाणी साचून राहतं. आम्ही मेलेल्या एका कलमाचा खड्डा उभा कापला. वरची माती तपकिरी, तळाची वीतभर करडी-निळसर, आणि त्या करड्या मातीत मेलेल्या मुळांच्या कडेने गंजाच्या रेघा. हे रंग साचलेल्या पाण्याची साक्ष आहेत. हवा संपली की मातीतलं लोह विरघळून हलतं, माती करडी पडते, आणि पुन्हा हवा मिळेल तिथे ते गंजासारखं बसतं. तळाची मुळं काळी पडून सालीसकट सुटत होती. म्हणजे कलमाची खालची मुळं पावसाळ्यातच गुदमरली, आणि उरलेल्या वरच्या मुळांवर त्याला उन्हाळा काढायचा होता.

आणि तो उन्हाळा कसा? टप्प्यावरच्या मूळच्या मातीत पिकाला घेता येईल असं पाणी मीटरला १२० मिलिमीटर धरलं, खोली २२ सेंटीमीटर, त्यातून ४० टक्के दगड वजा केले, तर हातात राहतं साधारण १६ मिलिमीटर. एप्रिल-मेमध्ये ओल असेल तर जमिनीतून आणि पानांतून मिळून दिवसाला पाच-सहा मिलिमीटर सहज उडून जातं. तीन दिवसांची शिदोरी. भरलेल्या खड्ड्यात त्याहून थोडं जास्त राहत असेल, पण चारी बाजूंनी तापणारा कातळ असताना हंड्याने घातलेलं पाणी किती पुरणार? काकींनी पाणी आणखी वाढवलं असतं तरी पावसाळ्यात कुजलेली मुळं परत आली नसती. टप्प्यावरची जी थोडी कलमं जगली, त्यांतलं एक आम्ही खणून पाहिलं. त्याचा खड्डा योगायोगाने कातळाच्या भेगेवर आला होता. पाणी भेगेतून निघून गेलं आणि मूळही तिथूनच खाली उतरलं.

शास्त्रीय वर्गीकरणात या दोन जमिनी किती लांब जातात ते पाहण्यासारखं आहे. भारतात मृदा सर्वेक्षणासाठी अमेरिकी कृषी खात्याची पद्धत वापरतात. ती १९७५ साली ग्रंथरूपात आली आणि नागपूरचं राष्ट्रीय मृदा सर्वेक्षण व भूमी उपयोग नियोजन ब्युरो तिच्याच आधाराने आपल्या जमिनींना नावं देतं. या पद्धतीत कातळ आणि मुरूम यांतला भेद मुळातच आहे. मातीखालचा दगड हाताने खणता येत नसेल आणि मुळं शिरतील अशा भेगा १० सेंटीमीटर किंवा जास्त अंतरावर असतील, तर त्याला लिथिक स्पर्श म्हणतात. तो पृष्ठभागापासून ५० सेंटीमीटरच्या आत आला तर जमिनीच्या नावातच ‘लिथिक’ लागतं. टप्प्यावरची जमीन लिथिक उस्टऑर्थेंट्स ठरते: एंटिसॉल गणातली, थर न बनलेली, कातळावरची. वरची जमीन इन्सेप्टिसॉल गणातली. तिच्यात बदललेला मधला थर आहे, तो पुरेसा जाड आहे आणि खाली मुरूम आहे. टिपिक हॅप्लुस्टेप्ट्स हे नाव मी तिला दिलं. त्यासाठी प्रयोगशाळेतून एक गोष्ट तपासून घेतली. मातीच्या आयन धरण्याच्या क्षमतेचा किती भाग कॅल्शियम-मॅग्नेशियमसारख्या आयनांनी व्यापला आहे, तो ६० टक्क्यांखाली असता तर नाव डिस्ट्रुस्टेप्ट्सकडे, म्हणजे जास्त धुऊन निघालेल्या जमिनींकडे, गेलं असतं. इथे तो वर निघाला, आणि पांढऱ्या स्फटिकांशी ते जुळतं.

दोन्ही नावांतला ‘उस्ट’ हा तुकडा मला ठाणे जिल्ह्यासाठी फार बोलका वाटतो. वर्षाला अडीच हजार मिलिमीटरच्या आसपास पाऊस, आणि तरी जमीन उस्टिक ओलाव्याची, म्हणजे वर्षातले ९० किंवा अधिक दिवस मुळांच्या पट्ट्यात कोरडी पडणारी. पाऊस चार महिन्यांत येऊन जातो. बाकीचे आठ महिने जमिनीने काय धरून ठेवलं त्यावर झाड जगतं, म्हणून इथे खोलीइतकं महत्त्व दुसऱ्या कशालाच नाही.

एक दुरुस्ती इथेच करते. लागवडीच्या जुन्या टिपणात या उताराला ‘जांभी जमीन’ म्हटलं होतं. लाल दिसली की जांभा, ही समजूत कोकणभर आहे. ज्याचे चिरे काढतात तो जांभा रत्नागिरी-सिंधुदुर्गात मैलोन् मैल आहे. ठाण्याच्या या भागात लाल रंग बेसाल्ट कुजून सुट्या झालेल्या लोहाचा आहे, खाली जांभा नाही. दक्षिण कोकणात जांभ्याच्या कातळावर सुरुंग लावून आंबा उभा केल्याचे दाखले जसेच्या तसे इथे लावणं म्हणूनच धोक्याचं. तो दगड सच्छिद्र आहे, हा घट्ट.

बाकीचे खड्डे थोडक्यात. टप्प्याखालच्या खाचरात वर्षानुवर्षांच्या चिखलणीने नांगराच्या तळाशी दाबलेला थर झाला आहे, त्याखाली करड्या मातीत भाताच्या मुळांच्या वाटांवर गंजाच्या नळ्या दिसतात. ही अ‍ॅक्विक (काही काळ पाणी साचून राहणारी) हॅप्लुस्टेप्ट्स. तळाची काळी जमीन हिवाळ्यात भेगाळते. अर्ध्या मीटरच्या खाली ढेकळं एकमेकांवर घासून चकचकीत झालेली, वरपासून चिकणमाती ३० टक्क्यांहून बरीच जास्त. ती हॅप्लुस्टर्ट्स, म्हणजे खरी व्हर्टिसॉल, ओलीत फुगणारी आणि सुकताना भेगाळणारी चिकणमाती. गावात या दोघींना मिळून ‘भाताची’ म्हणतात, पण भातानंतरचा वाल कुठे जोमाने येतो हे विचारलं की प्रत्येक जण काळीकडेच बोट दाखवतो. ओहोळाच्या काठची मळई पुराच्या गाळाने थरांवर थर चढलेली, उस्टिफ्लुव्हेंट्स. भाजीपाल्याला तीच उत्तम, फक्त पट्टी अरुंद आहे.

मला सगळ्यात जास्त विचारात टाकलं ते गावातल्या आजोबांनी. खड्डे घ्यायच्या आधी मी त्यांना उतारावरून चालवत नेलं आणि जमिनीची नावं विचारली. टप्प्यावर आल्यावर ते म्हणाले, “ही कातळवट. पावसात पाय रुततो, उन्हात भाजतो. इथं नाचणी होईल, पण झाड काय धरत नाय. वरची मुरमाड, ती झाडाला मानते.” मी विचारलं, “आजोबा, लागवडीच्या वेळी हे कुणाला सांगितलं नाहीत?” ते म्हणाले, “इचारलं कोणी? गट नंबर इचारला.”

त्यांनी सांगितलेली हद्द आणि पहारीने ठरलेली हद्द यांत एका ठिकाणी थोडासा फरक पडला, बाकी तंतोतंत. गावाच्या तोंडी असलेलं वर्गीकरण खोलीचं आणि दगडाचं होतं. कागदावर जाताना ते एका ‘वरकस’मध्ये मावलं. इंग्रजी अमलातली महसुली मोजणीसुद्धा इतकी बेफिकीर नव्हती. गोल्डस्मिड, विंगेट आणि डेव्हिडसन यांच्या १८४७ च्या संयुक्त अहवालाने मुंबई इलाख्यातल्या जिरायत जमिनीचे नऊ वर्ग ठरवले, ते मातीच्या पोताबरोबर तिच्या खोलीवर, हातांच्या मापाने. उतार, रेताडपणा, चुनखडी, पाणी साचणं असे दोष धरून वर्ग खाली आणत. हेतू सारावसुलीचा होता, तरी खोली मोजल्याशिवाय जमिनीचा वर्ग ठरत नव्हता. आज शेतकऱ्याच्या हातात येणाऱ्या दोन्ही कागदांवर खोलीचा रकाना नाही.

पुढे काय केलं? रेघेवरच्या खड्ड्यांपुरतं समाधान न मानता गावातल्या मुलांनी संपूर्ण लागवडीत प्रत्येक कलमाशेजारी पहार मारली. आवाज आणि खोली वहीत लिहिली, आणि त्यावरून हाताने नकाशा काढला. कातळाची हद्द त्यात स्वच्छ उमटली, आणि मेलेल्या कलमांची नोंद जवळपास सगळी त्या हद्दीच्या आत पडली. अर्धा-अर्धा गट असलेल्यांनी रिकाम्या जागांची कलमं मुरमाच्या बाजूला हलवली. कातळावरच्या जिवंत कलमांच्या खड्ड्यांना उताराच्या बाजूने छिन्नीने पाणी निघायला खाच पाडली. हे काम पावसाआधी व्हायला हवं होतं आणि बहुतेक झालं.

काकींचा गट मात्र पूर्ण टप्प्यावर आहे. तिथे आंबा पुन्हा लावा असं मी म्हणणार नाही. भेगा शोधून लावली तर काही झाडं जगतील, पण त्यावर कुटुंबाने भरवसा ठेवावा एवढी संख्या होणार नाही. वीतभर मातीत नाचणी आणि वरई निभावते, गवत तर उत्तमच येतं, आणि गावात दुभती जनावरं असल्याने गवताला मागणी आहे. दिराने वरच्या मुरमाडीतला एक तुकडा कलमांसाठी देऊ केला आहे, बदल्यात काकींची विहिरीजवळची जागा राबासाठी आणि रोपासाठी. घरातल्या घरात हे ठरलंही. अडचण योजनेच्या कागदावर आहे, कारण मंजुरी गट क्रमांकाला आहे.

त्यासाठी अर्ज केला आहे. ‘हयगय’ हा शेरा काढून टाकावा आणि लागवडीचा गट बदलून मिळावा, अशा दोन मागण्या. सोबत दोन्ही खड्ड्यांची थरवार नोंद, छायाचित्रं, पहारीची वही आणि आजोबांचं म्हणणं जोडलं आहे. आजोबांचं म्हणणं मृदा-वर्णनाच्या खाली, त्याच पानावर घेतलं. निर्णय अजून यायचा आहे. शेरा निघाला नाही तर पुढची पाहणी खड्डा उघडा ठेवून व्हावी अशी मागणी काकी करणार आहेत, आणि त्यासाठी मेलेल्या कलमाचा तो उभा कापलेला खड्डा त्यांनी बुजवलेला नाही.